परदेशची मैत्री आणि आमची प्रवासवर्णने

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आमच्या घरांत जितक्या आवडीने वाचला जातो, तितक्या आस्थेने त्याची चिकित्सा होत नाही. कादंबरी हाती आली की तिचे संविधानक, स्वभावरेखन, भाषा या सर्वांची आम्ही कसून झडती घेतो. नाटकाचे तर विचारूच नये. प्रवासवर्णनाच्या वाट्याला मात्र "माहिती चांगली आहे" किंवा "भाषा खुसखुशीत आहे" यांपलीकडे शेरा येत नाही. लेखक त्या देशाला जाऊन आला हेच त्याचे कर्तृत्व, आणि आपणही घरबसल्या जाऊन आलो हेच आपले समाधान! या वाङ्मयप्रकाराला एखादी नेमकी कसोटी लावता येईल काय, हा विचार गेले काही महिने माझ्या मनात घोळत आहे. त्याला निमित्त झाला तो एक अप्रसिद्ध लेख.

लेख माझ्या भाच्याचा आहे. तो संशोधनासाठी दोन वर्षांपूर्वी दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे गेला. आम्ही राहतो ते नागरा हे गाव गोंदियाच्या अगदी जवळचे. जुन्या शिवमंदिरामुळे पंचक्रोशीत त्याचे नाव आहे. महाशिवरात्रीला ते माणसांनी फुलते आणि एरवी धानाच्या बांध्यांमध्ये निवांत पडून असते. भाच्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, शेजारच्याच घरात राहते. मुलाची पत्रे येतात ती अर्थात विजेच्या वेगाने; परंतु पडद्यावरची अक्षरे बहिणीला मानवत नाहीत. म्हणून ती गोंदियाला जाऊन पत्रे कागदावर छापून आणते, फायलीत लावते आणि संध्याकाळी ओसरीवर मोठ्याने वाचते. ऐकावयास शेजारच्या दोन-तीन बायका आणि मी, एवढी मंडळी असतो. ही पत्रे इतकी जिवंत वाटली की "याचा एक व्यवस्थित लेख लिही" असे मी त्याला कळविले. त्याने लिहिला, मी सुधारला, त्याने पुन्हा लिहिला. तो लेख आता माझ्या पुढ्यात आहे आणि शेजारी पत्रांची फाईल आहे. दोन्ही एकाच माणसाची, एकाच शहराविषयी लिहिलेली आहेत, हे मला कोणी शपथेवर सांगितले तरच खरे वाटावे.

लेख नीटनेटका आहे. ग्यंगबोक राजवाडा 1395 साली बांधला गेला, 1592 च्या जपानी स्वारीच्या काळात जळाला, पुढे सुमारे पावणेतीनशे वर्षे उजाड पडून राहिला आणि 1867 मध्ये पुन्हा उभा झाला, हे त्यात आहे. शहराच्या मध्यभागातून वाहणारा छंग्येछन ओढा गेल्या शतकात काँक्रीटखाली गाडला गेला, त्याच्या डोक्यावरून मोटारींचा उन्नत रस्ता नेण्यात आला, आणि अखेर तोच रस्ता पाडून 2005 साली ओढ्याला पुन्हा उजेड दाखविण्यात आला, हेही आहे. भुयारी रेल्वेचा पहिला मार्ग 1974 साली सुरू झाला. हान नदीवर पुलांची रांग आहे. घरांतील जमीन खालून तापविण्याची जुनी रीत नव्या इमारतींतही टिकून आहे. सारे खरे आहे आणि सारे निर्जीव आहे. नव्वद लाखांहून अधिक वस्तीच्या त्या शहरात माझ्या भाच्याशी एकही मनुष्य बोलत नाही. राजवाडे आहेत, ओढा आहे, गाड्या वेळेवर येतात. पण कोणी हाक मारीत नाही.

आता पत्रे पाहू. पहिल्या चार महिन्यांच्या पत्रांत शहर जवळजवळ नाहीच. आहे ती एक खोली. परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी म्हणून निघालेली आणि पुढे कमी मिळकतीच्या माणसांनीही भरून गेलेली ‘गोशीवॉन’ नावाची घरे तेथे आहेत, त्यांतील ही खोली. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत एवढी. एका रविवारी रात्री तो लिहितो की, आज सकाळपासून माझा आवाज मी ऐकलेला नाही. ते वाचताना बहीण थांबली आणि तिने चष्मा पुसला. पाचव्या महिन्यातील पत्रात प्रयोगशाळेच्या मागील गल्लीतली एक खाणावळ येते. तेथे जेवणारी सर्व मंडळी वाढणाऱ्या बाईला ‘इमो’ अशी हाक मारतात. हा त्या बाईचे नाव ‘इमो’ असेल असे समजून महिनाभर तसेच म्हणत राहिला. मग कोणी सांगितले की इमो म्हणजे आईची बहीण. "आई, इथे खाणावळवालीला मावशी म्हणतात," हे त्याच्या पत्रातले वाक्य बहिणीने तीनदा वाचले. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "मग पोरगं उपाशी नाही राहत." समीक्षक म्हणून मी कबूल करतो की, कोरियातील समाजरचनेविषयी त्या एका वाक्याने आम्हां ओसरीवरच्या मंडळींना जे कळले, ते तीस पृष्ठांच्या लेखाने कळले नाही.

पुढच्या पत्रांत प्रयोगशाळेतला एक वरिष्ठ सहकारी येतो. त्याने पहिल्याच भेटीत वय विचारले. इंग्रजी शाळेत शिकलेल्या माझ्या भाच्याला ते खटकले. वय विचारणे असभ्यपणाचे, असे त्याच्या पुस्तकांनी त्याला शिकविले होते. (नागऱ्याच्या मंदिरापाशी कोणीही म्हातारा अनोळखी मुलाला प्रथम गाव आणि मग वय विचारतो, हे तो विसरला होता.) कालांतराने त्याला उलगडा झाला की, वय कळल्यावाचून समोरच्याला काय म्हणावे हेच तेथे ठरत नाही. वडील असेल त्याला धाकट्या पुरुषाने ‘ह्यंग’, म्हणजे दादा, म्हणावयाचे. ‘चिंगू’, म्हणजे मित्र, हा शब्द बहुधा समवयस्कापुरताच राखून ठेवलेला. त्यातही वय मोजण्याची त्यांची जुनी रीत निराळी: मूल जन्मतःच एक वर्षाचे आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सारे राष्ट्र एकदम एका वर्षाने मोठे! सरकारी व्यवहारातून ही रीत जून 2023 मध्ये काढून टाकण्यात आली. पण माणसांच्या बोलण्यातून ती इतक्या लवकर कशी जाईल? सहकारी चार वर्षांनी मोठा निघाला आणि ‘ह्यंग’ झाला.

या ह्यंगबरोबर तो शहर हिंडू लागला. 1905 साली सुरू झालेल्या क्वांगजांग बाजारात भिजविलेले मूग जात्यावर दळून, तेलात थापून तळलेला एक पदार्थ मिळतो. आमच्या मुगाच्या धिरड्याचा तो जाडजूड चुलतभाऊच. आत मांस घातले आहे काय, हे दर वेळी विचारून घ्यावे लागते, आणि तो प्रश्न भाच्याच्या आधी ह्यंग विचारतो. शहराच्या उत्तरेला बुखानसानचा डोंगर आहे. सुटीच्या दिवशी म्हातारी माणसे रंगीत अंगरखे घालून तो चढतात आणि वाटेत भेटणाऱ्या अनोळखी पोरांच्या हातांवर काकडीचे तुकडे ठेवतात. त्या डोंगरावरून उतरताना एका संध्याकाळी ह्यंग त्याला म्हणाला, "आता बोलणे खाली ठेव." कोरियन भाषेत हा रूढ वाक्प्रचार आहे. आदरार्थी क्रियापदे सोडून घरगुती बोलीत बोलावयाची परवानगी द्यावयाची असली म्हणजे असे म्हणतात. थोडक्यात, अहो-जाहो सोड आणि अरे-तुरेवर ये. भाच्याने लिहिले आहे की, त्याची जीभ तीन दिवस वळेना. आमच्या मागच्या पिढीतल्या एखाद्या गृहिणीला कोणी नवऱ्याला ‘अरे’ म्हणावयास सांगितले असते, तर तिची जशी गत झाली असती तशीच ही! चौथ्या दिवशी जेवताना एक वाक्य चुकून तसे तोंडातून गेले. ह्यंगने ते ऐकले आणि काहीही न बोलता त्याच्या वाटीत कोबीचे लोणचे घातले.

मला वाटते, आम्ही शोधीत होतो ती कसोटी येथे सापडते. परदेशातील वास्तव्यावरील पुस्तकात लेखकाने किती नगरे पाहिली हे विचारू नये; तेथे त्याला कोणी काय म्हणून हाक मारली, त्याने उलट काय म्हटले, आणि ‘तुम्ही’चा ‘तू’ कोणत्या पृष्ठावर झाला, हे विचारावे.

या दृष्टीने आपला संग्रह पुन्हा चाळला तर काही गोष्टी ध्यानात येतात. पंडिता रमाबाई 1886 साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि 1888 पर्यंत तेथे राहिल्या. 1889 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ विचारांच्या दृष्टीने आमच्या प्रवासवाङ्मयातील थोरातला थोर होय. परंतु त्याच्या नावातच त्याची प्रकृती आहे: आधी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती’, मग ‘प्रवासवृत्त’. बाईंना आपल्या देशातील स्त्रियांसाठी त्या लोकस्थितीतून काही उचलावयाचे होते. गोष्टी सांगत बसण्याइतकी सवड त्यांच्या मनाला नव्हती, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणारा मी कोण? अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ या 1940 च्या पुस्तकात लंडनच्या धुक्याकडून रशियाच्या ताऱ्याकडे जाणारा रस्ता शीर्षकातच आखलेला आहे. ज्याला कोठे पोहोचावयाचे हे आधीच ठाऊक आहे, तो वाटेत कोणाच्या घरी मुक्कामाला कशाला राहील? पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ (1960) आणि ‘पूर्वरंग’ (1963) ही पुस्तके न वाचलेले मराठी घर विरळा. त्यांतील विनोद हा मुख्यतः स्वतःवरचा आहे, आणि म्हणूनच तो निर्विष आहे. परंतु तेथे प्रवासी दोघे आहेत. पतिपत्नी मिळून निघाली की घर बरोबरच निघते. संध्याकाळी बोलावयास माणूस आहे, थट्टेला भागीदार आहे. मैत्रीची गरज भासण्यासाठी जो एकटेपणा लागतो, तो या आनंदी जोडप्याला लाभलाच नाही, आणि तो लाभावा अशी इच्छा कोणी करणार नाही.

उलट धर्मानंद कोसंबी पाहा. गोव्यातून निघालेला हा मनुष्य बौद्ध धर्म शिकावयाचा म्हणून नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा फिरला. खिशात पैसा नाही, पाठीशी संस्था नाही. 1924 साली ‘निवेदन’ म्हणून प्रसिद्ध झालेले त्याचे आत्मकथन नगरवर्णनासाठी कोणी वाचीत नाही. ते माणसांनी भरलेले आहे, कारण ज्याला रात्रीच्या निवाऱ्यासाठी दुसऱ्याचे दार वाजवावे लागते, त्याला दार उघडणाऱ्याचा चेहरा विसरता येत नाही. प्रवास सुखाचा झाला म्हणजे प्रवासवर्णन ओस पडते, असे काहीसे विक्षिप्त अनुमान यातून निघते; ते मी अर्धेच खरे मानतो.

आणि आनंदीबाई जोशी! त्यांनी प्रवासवर्णन म्हणून ग्रंथ लिहिला नाही. मागे राहिली ती पत्रे. गोपाळरावांचा पत्रव्यवहार एका अमेरिकन मिशनरी मासिकात छापला गेला होता. दातांच्या वैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या न्यू जर्सीच्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांच्या हाती ते मासिक पडले, आणि त्यांनी न पाहिलेल्या त्या मुलीला पत्र घातले. ही 1880 ची गोष्ट. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. 1883 साली अठरा वर्षांची ही मुलगी एकटी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली तेव्हा ती परक्या देशात आली नव्हती. ती मावशीकडे आली होती. 11 मार्च 1886 रोजी तिला वैद्यकाची पदवी मिळाली, पुढच्याच वर्षी 26 फेब्रुवारीला ती पुण्यास निवर्तली, आणि तिच्या अस्थी अमेरिकेत पाठविण्यात आल्या. पोकीप्सी येथील दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या आजही आहेत. हे सारे एका संबोधनाच्या बळावर घडले. सोलमधली ‘इमो’ आणि रोझेलची मावशी यांच्यामध्ये 140 वर्षांचे अंतर आहे. माझ्या बहिणीच्या ओसरीवर ते अंतर कोणाला जाणवले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो मला स्वतःलाच सुचला आहे. नात्याच्या नावाने हाक मारली म्हणजे नाते जुळले असे नव्हे. आमच्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईला आम्ही सारे ‘मावशी’ म्हणतो, आणि तिचे नाव काय हे आमच्यापैकी कितीजणांना सांगता येईल? कोरियातही ‘ह्यंग’ म्हणविणारा वरिष्ठ धाकट्याकडून रात्री उशिरापर्यंत काम करून घेतो, आणि धाकट्याने त्याचा पेला दोन्ही हातांनी भरावयाचा असतो. भाच्याने एका पत्रात याची कडवट तक्रार केली आहे. म्हणजे संबोधन हे दार आहे; आत घर असेलच अशी हमी ते देत नाही. परंतु म्हणूनच तर लेखकाने दार कसे उघडले किंवा कसे मिटलेलेच राहिले, हे लिहावयास हवे!

आमच्या प्रवासलेखकांना ही गोष्ट अवघड का गेली, याचे एक कारण भाषेत आहे. आमचा परदेशप्रवास दीर्घकाळ इंग्रजीतून झाला, आणि इंग्रजीत राजापासून रंकापर्यंत सर्वांना एकच सर्वनाम. लंडनची घरमालकीण पहिल्या दिवशी भाडे मागते तेव्हा जे सर्वनाम वापरते, तेच ती सहा महिन्यांनी तापात उशाशी बसते तेव्हाही वापरते. ते वाक्य मराठीत आणताना लेखकाला निवड करावीच लागते. तिच्या तोंडी ‘तुम्ही’ घालावयाचे की ‘तू’? बहुतेक लेखक पहिल्या पृष्ठावर ‘तुम्ही’ घालतात आणि शेवटच्या पृष्ठापर्यंत ते हलवीत नाहीत. सभ्यपणा राहतो, परंतु सहा महिन्यांत जे घडले त्याचा पुरावा नाहीसा होतो. मराठीच्या हाती असलेले एक सूक्ष्म साधन आम्ही इंग्रजीच्या धाकाने वापरलेच नाही. कोरियन, जपानी यांसारख्या भाषांत हा भेद आमच्यापेक्षाही काटेकोर आहे. तेथे राहून लिहिणाऱ्या मराठी माणसाला तर ही निवड टाळताच येणार नाही.

मराठी माणूस कोरियात प्रथम गेला तो आताच, असेही नाही. युद्धविरामानंतर 1953 मध्ये, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांच्या सांभाळासाठी भारताने जे सैन्य पाठविले, त्याचे अधिपती कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात होते. बावीस हजारांहून अधिक कैदी एका बाजूचे, 359 दुसऱ्या बाजूचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय शिपायाला आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देणार नाही अशी प्रतिज्ञा केली होती. म्हणून इंचनच्या बंदरात जहाजांवरून हेलिकॉप्टरांत बसवून ही सारी फौज निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आली. तेथे त्यांनी आपल्या छावणीला ‘हिंदनगर’ असे नाव दिले. हजारो माणसे एका देशावरून उडत गेली, थंडीचा एक हंगाम काटेरी तारांच्या आड राहिली, आणि सोलची एकही गल्ली न पाहता 1954 च्या आरंभी परत आली. कोठेच जावयाचे नाही असे ठरविलेले 88 कैदी त्यांच्याबरोबर हिंदुस्थानात आले. या 88 जणांना बोटीवर कोणी कोणत्या नावाने हाक मारली असेल, यावर एक पुस्तक लिहिले जावे अशी माझी फार इच्छा आहे. माझा भाचा ज्या गल्लीत मुगाचे धिरडे खातो, तेथून ती तारांची रेषा दोन तासांच्याही वाटेवर नाही.

आता लेखाकडे परत येतो, कारण एक कबुली द्यावयाची राहिली आहे. भाच्याने प्रथम पाठविलेल्या मसुद्यात ह्यंग होता. इमो होती, गोशीवॉनची खोली होती, ‘बोलणे खाली ठेव’ हा प्रसंगही होता. ती सर्व पृष्ठे मी काढावयास लावली. "खासगी गोष्टींत वाचकाला रस नसतो, राजवाड्याविषयी अधिक लिही," असे मी त्याला कळविले. त्या वेळी मला ते खरेच वाटत होते काय, असे मी स्वतःला विचारले आहे. खरे कारण निराळे असावे. मुलगा परदेशी चार महिने कोणाशी बोलला नाही, हे छापील अक्षरांत आले तर आमच्या नात्यागोत्यातले लोक काय म्हणतील? तो कोणाबरोबर जेवतो, त्याच्या वाटीत काय घातले जाते, याची चौकशी सुरू होईल. राजवाड्यावर कोणी चौकशी करीत नाही. आमच्या प्रवासवर्णनांतून मित्र नाहीसे होतात त्याचे खापर मी वर भाषेवर फोडले. त्याचा मोठा वाटा लेखकाच्या खांद्यावरून वाकून वाचणाऱ्या मामांकडे जातो. कितीएक जुन्या लेखकांना असे मामा असतील, आणि त्यांनी काढलेली पृष्ठे कोणत्या चुलीत गेली असतील!

गेल्या महिन्यात मी त्याला लिहिले की, काढलेला मजकूर परत घाल आणि आरंभीच घाल. त्याचे उत्तर आले की, तो मसुदा त्याने ठेवलेला नाही, आणि पुन्हा लिहावयास बसले तर तसे येत नाही. ह्यंगची बदली दुसऱ्या शहरी झाली असून रविवारी तो आता डोंगरावर एकटाच जातो. बहिणीला हे सांगितले तेव्हा ती आत गेली आणि पत्रांची फाईल घेऊन आली. "यातलं घ्या, दादा," ती म्हणाली, "पण कोबीच्या लोणच्याचं पान मला परत द्या."